समाधानी पाऱ्याचा टँकर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी कुणाला तरी पकडतात. गेल्या वर्षी एका निवृत्त स्टेशनमास्तरांना पकडलं होतं, त्याआधी दातांच्या डॉक्टरांना. यंदा माझी पाळी. फोनवर त्यांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय करता हो ताई? वीसेक वर्षं आम्ही रायपूरच्या एकाच गल्लीत राहतो. मी म्हटलं, सर्वे करते. म्हणजे जनगणना? नाही. मतदार यादी? नाही. मग विमा? तेव्हा ठरवलं, लिहावंच.

आधी धंदा सांगते. कुणाला तरी जाणून घ्यायचं असतं की पाणी, शाळा, रेशन, दवाखाना याबद्दल लोकांना काय वाटतं. हा 'कुणीतरी' बहुधा दिल्लीत असतो आणि लोक इकडे असतात. मधे आम्ही. आम्ही प्रश्नांची यादी करतो, मुलामुलींना ते कसे विचारायचे हे शिकवतो, ती टॅब घेऊन घरोघरी फिरतात, उत्तरांचे आकडे होतात, आकड्यांचा अहवाल होतो आणि अहवाल दिल्लीला जातो. कित्येक वर्षं काम इथेच संपायचं. ज्या बाईनं हातातलं काम टाकून पाऊण तास उत्तरं दिली, तिला पुढे काय झालं ते कधी कळत नसे. मग कुणाला तरी याची लाज वाटली, किंवा लाज वाटल्याचं दाखवणं गरजेचं झालं, आणि कामाच्या करारात एक नवी ओळ आली: निष्कर्ष समुदायापर्यंत सोप्या रूपात पोचवणे. ती ओळ माझ्या वाट्याला आली. ऑफिसात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी तिन्ही बोलणारी मी एकटी होते, आणि वाटणी झाली त्या दिवशी मी रजेवर होते.

सोपं रूप म्हणजे काय, यावर आमच्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तिचं इतिवृत्त कुणाला समजलं नाही. शेवटी गुळगुळीत कागदाचं रंगीत पोस्टर ठरलं. मधोमध चौकोनी कोड. मोबाइल धरला की अख्खा अहवाल उघडणार. आम्ही ती पोस्टरं हातपंपांवर, अंगणवाड्यांवर, किराणा दुकानांवर लावून आलो. महिनाभरानं पाहिलं तर एकाही माणसानं अहवाल उघडलेला नाही. चौकशी केली तेव्हा एका दुकानदारानं समजावलं की मॅडम, हा कोड दिसला की माणसाला वाटतं पैसे द्यायचे आहेत. लोक पोस्टरपासून चार हात लांबून जात होते.

मग भिंती रंगवल्या. अभनपूरच्या बाजूला एका पंचायतीच्या भिंतीवर आम्ही दोन गावांचे दोन खांब काढले: आपल्या शाळेवर किती लोक खूश आहेत. या गावाचा खांब बुटका, शेजारच्या गावाचा उंच. पुढच्या खेपेला गेले तर बुटका खांब शेजारच्यापेक्षा वीतभर वर गेलेला. सरपंचानं स्वतः पेंटर बोलावला होता. मी म्हटलं, अहो, हे लोकांचं मत आहे, असं वाढवता येत नाही. तो शांतपणे म्हणाला, "मैडम, लोग भी हमारे, दीवाल भी हमारी." यावर आमच्या कार्यशाळेत काही शिकवलं नव्हतं.

शेवटी मला उपाय सापडला तो चिंचोक्यांचा. एक घर म्हणजे एक चिंचोका. पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, जितकी घरं विचारली तितके चिंचोके घेऊन जायचे, दोन सुपं मांडायची, एकात 'हो' म्हणणारे, दुसऱ्यात 'नाही' म्हणणारे, आणि सगळ्यांदेखत एकेक टाकत जायचं. टक्के सांगावे लागत नाहीत. ढीग दिसतो, आणि ज्यांचा ढीग असतो ते लगेच भांडायला लागतात. माझ्या मते अहवाल समजल्याची हीच खूण. संचालकांना चिंचोके मागासलेले वाटत. पण फोटो चांगले येतात म्हणून त्यांनी चालू दिलं.

आता कुसुमताईंचं सांगते.

आमचं ऑफिस पंडरी बाजारात, एका कापडाच्या ठोक दुकानाच्या वर. जिन्यात गठ्ठे पडलेले असतात, ते ओलांडून यावं लागतं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक बाई ते ओलांडून वर आल्या, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. आमच्या अहवालाच्या एका पानाची झेरॉक्स होती. आमचा अहवाल स्वतःहून मिळवून वाचणारी समुदायातली ही पहिली व्यक्ती. मी खरं तर हार घालायला हवा होता.

त्या कुसुम मेश्राम. बीरगांवच्या कडेला तळ्यापलीकडचा पारा म्हणून वस्ती आहे, तिथे राहतात. नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, सासरा गोंदियाकडून आलेला. अर्धी वस्ती अशीच आपल्याकडची, अर्धी छत्तीसगढी. नळ आहे, पण पाणी लाल येतं, वास मारतं, पांढरा कपडा धुतला की विटकरी होतो. कुसुमताईंनी दोन उन्हाळे वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारून, दारोदार सह्या गोळा करून एक दिवसाआड टँकर मिळवला होता. तो आठवड्यापूर्वी बंद झाला. घरात सून महिन्याची बाळंतीण.

"ताई, टँकर काहून बंद केला तुमी?"

मी म्हटलं, टँकरशी आमचा संबंध नाही, आम्ही फक्त विचारतो.

"वॉर्डात म्हणून राहिले, तुमचा पारा समाधानी हाय. कागदावर लिवलं हाय. समाधानी लोकायले टँकर कायले पाहिजे?"

मी कागद पाहिला. 'तळ्यापलीकडील पाऱ्यातील बहुसंख्य कुटुंबे पाण्याबाबत समाधानी आहेत.' वाक्य ओळखीचं होतं. त्याचं शुद्धलेखन मीच दोनदा तपासलं होतं.

"हे कोन बोललं?"

"तुमच्या पाऱ्यातलेच लोक बोलले, ताई."

"नाव सांगा."

मी सांगितलं की नाव सांगता येत नाही, उत्तरं गुप्त ठेवायची असतात, तसा नियमच आहे.

त्यांनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "म्हणजे आमी काय बोललो, ते आमालेच सांगता येत नाही?"

या विषयावर मी तीन परिसंवाद ऐकले आहेत. इतका नेमका प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. मी डायरी उघडली, रविवारची वेळ लिहिली आणि म्हटलं, नावं नाही, पण पाऱ्याची उत्तरं घेऊन येते, सगळ्यांसमोर मांडते. जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "येता येता टँकरच घेऊन या."

रविवारी सकाळी पाऱ्यातल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर चाळीसेक बायका जमल्या, पुरुष लांबून बघत उभे. दोन सुपं मांडली. प्रश्न मोठ्यानं वाचला, "घरी येणाऱ्या पाण्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?", आणि चिंचोके टाकायला लागले. समाधानी सुपात ढीग वाढायला लागला तशी बायकांमध्ये खसखस पिकली. एवढं सुखी कोण आहे गं आपल्यात, असं एकीनं विचारलं. मग हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, नळाजवळची दोन घरं असतील, त्यांना काय. नळाजवळच्या बायका उसळल्या. कुणी म्हणालं, वॉर्डमेंबरच्या नातलगांनी मुद्दाम सांगितलं. पण ढीग दोन-चार घरांचा नव्हता. दुसऱ्या सुपात जेमतेम मूठभर चिंचोके. पाच मिनिटांत असं झालं की प्रत्येक बाई शेजारणीकडे संशयानं बघायला लागली, आणि टँकर कुणाच्या तोंडामुळे गेला याची चौकशी सुरू झाली. अहवाल समजल्याची ती खूण, हे माझं आवडतं मत त्या दिवशी मला फारसं आवडलं नाही.

तेवढ्यात सुकवारोबाई म्हणून एक म्हातारी, छत्तीसगढी, खांबाला टेकून बसली होती, ती म्हणाली की मी सांगितलं होतं, बने हे म्हणून. बने हे म्हणजे छान आहे. सगळ्या तिच्याकडे वळल्या. काहून सांगितलं, म्हणून एकदम चार जणींनी विचारलं. ती जराही गडबडली नाही.

"पहुना ला पानी पिया के कइसे कहिबो, पानी खराब हे?"

पाहुण्याला आपल्याच हातानं पाणी पाजायचं आणि मग त्यालाच कसं सांगायचं की पाणी खराब आहे. मग मागून एक आवाज आला, मीही तेच सांगितलं. मग दुसरा. तोपर्यंत शेजारणीला धारेवर धरणाऱ्या दोघीतिघी पदराशी चाळा करायला लागल्या. सगळ्यात शेवटी कुसुमताई बोलल्या, सुपाकडे बघत.

"मी बी बोलली. पोरगी उनाची आलती. टँकरचा दिवस नवता, कारखान्याच्या गेटावरून आनलेलं पानी ठेवलं होतं, ते देल्लं. पेली बिचारी. मंग टॅब काढते अन् इचारते, पानी कसं हाय? काय सांगू तिले?"

टँकरसाठी दोन उन्हाळे चपला झिजवलेल्या बाईचा चिंचोकाही समाधानी सुपातच होता.

आता माझं सांगायला हवं. आमच्या मुलामुलींना शिकवायची जी पुस्तिका आहे, ती माझी. तिच्यात नियम आहे: 'घरात पाणी दिल्यास नाही म्हणू नये. पाणी प्यावे, चार शब्द बोलावेत, मग प्रश्नावली उघडावी.' पाणी नाकारलं की माणसं दुखावतात, कुणाच्या घरचं पीत नाही असा त्याचा अर्थ लावतात, आणि अशा वस्तीत तो अर्थ फार जुना आणि फार खोल आहे. माझ्या वडिलांनी रेल्वेत तो सोसला होता. तेव्हा नियम मी विचार करून लिहिला होता, आणि आजही तो चूक म्हणणार नाही. पण प्रश्नावलीची यादीही माझीच होती. सोपा विषय आधी घ्यावा म्हणून पहिलाच प्रश्न मी पाण्याचा ठेवला. घोट घशाखाली उतरतोय तोवर प्रश्न समोर. याच पुस्तिकेसाठी दिल्लीत माझं कौतुक झालं होतं, स्थानिक संस्कृतीची जाण वगैरे. एक तागाची पिशवीही मिळाली. बाजाराला नेते, मजबूत आहे.

मी ओसरीवर तिथेच सांगितलं की चूक माझी आहे, मुलीनं पाणी प्यायल्यावर लगेच पाण्याचं विचारायचं नव्हतं. मला वाटलं आता चांगलं ऐकावं लागणार. पण सुकवारोबाईला भलतीच काळजी पडली. "त का नोनी ह पियासे रहितिस?" म्हणजे, मग काय पोरगी तहानलेली राहिली असती?

सोमवारी मी संचालकांच्या खोलीत गेले. संचालक चांगला माणूस आहे. वाईट बातमी नेहमी बसून ऐकतो. मी म्हटलं, हा निष्कर्ष खोटा आहे, मागे घ्यावा लागेल. ते म्हणाले, अहवाल गेला. मी म्हटलं, टँकरही गेला. ते म्हणाले, आकडे खोटे नाहीत मॅडम, लोकांनी खरंच तसं सांगितलं, आपण तेच लिहिलं. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, आणि आमच्या धंद्यात तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलेल्या माणसाला कुणी हात लावत नाही. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. एका पाऱ्याचं मागे घेतलं तर याच पुस्तिकेनं जिथे जिथे विचारलं त्या सगळ्या वस्त्यांचं मागे घ्यावं लागेल. शेवटी तडजोड म्हणून ते म्हणाले, पुढच्या अहवालात 'मर्यादा' या मथळ्याखाली दोन ओळी टाकू. मर्यादा हे प्रकरण आमच्या प्रत्येक अहवालात असतं, अगदी शेवटी, परिशिष्टांच्या आधी. ते कुणी वाचत नाही म्हणूनच तिथे खरं लिहायची पद्धत आहे.

मी विचारलं, वॉर्ड ऑफिसला पत्र कोण लिहिणार? ते म्हणाले, संस्थेच्या नावानं नको. तुमची पुस्तिका, तुमच्या नावानं लिहा.

त्यांना वाटलं मी थांबेन. मी यादी करणारी बाई आहे. एकदा ओळ लिहिली की तिच्यापुढे बरोबरची खूण केल्याशिवाय मला जेवण जात नाही. एका पानाचं पत्र लिहिलं: प्रश्न कधी विचारला, कसा विचारला, उत्तर का भरवशाचं नाही, चूक कुणाची. खाली सही केली आणि वॉर्ड ऑफिसात हातानं देऊन पोच घेतली. तिथल्या बाबूनं पत्र दोनदा वाचलं आणि सहानुभूतीनं विचारलं, "दीदी, आप पर कोई दबाव है क्या?" स्वतःची चूक लिहून देणारं माणूस त्यानं आधी पाहिलं नसावं. घरी मुलीला पत्र दाखवलं. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. म्हणाली, मम्मी, नौकरी जाएगी तो पड़ोस वाली आंटी की बालवाड़ी में लग जाना. कौतुक करायची तिची ही रीत आहे.

दहा दिवसांनी निरोप आला: प्रत्यक्ष पाहणीला इंजिनिअर येणार. आदल्या दिवशी मी पाऱ्यात जाऊन बायकांना बजावून आले की हे पाहा, उद्या साहेब विचारतील, तेव्हा लाज बाळगायची नाही, आहे ते सांगायचं. सगळ्या हो हो म्हणाल्या. सुकवारोबाई तर दोनदा म्हणाली.

सकाळी दहाला इंजिनिअर आला, तरुण, सभ्य, घामाघूम. ओसरीवर खुर्ची मांडून तिच्यावर चादर टाकलेली. बाजूला स्टुलावर बिस्किटं आणि घासून लख्ख केलेला तांब्या. कुसुमताईंनी ग्लास भरून दिला. तो एका दमात प्याला, दुसरा मागितला आणि म्हणाला, "पानी तो बढ़िया है. कोई दिक्कत?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सुकवारोबाईकडे पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नहीं साहब, सब बने हे."

इंजिनिअरनं खिशातलं पेन काढलं. तो काय लिहिणार हे मला दिसत होतं: तक्रार आढळली नाही. त्या कागदानंतर टँकर या उन्हाळ्यात काय, पुढच्याही उन्हाळ्यात आला नसता, आणि माझं पत्र दबावाखालीच लिहिलेलं ठरलं असतं. कुसुमताई भिंतीला पाठ लावून उभ्या, जमिनीकडे बघत. आतून त्यांच्या नातवाचं रडणं येत होतं. वाईट सांगणं त्यांच्यानं होणार नव्हतं. मी शंभर वेळा बजावलं असतं तरी नसतं झालं. प्रश्नच बदलायला हवा होता, आणि प्रश्न बदलणं हा माझा धंदा आहे.

मी हिंदीत म्हटलं, कुसुमताई, साहेबांना एवढंच सांगा, हे पाणी आणलं कुठून?

यात कुणाची बदनामी नव्हती. त्या सरळ सांगायला लागल्या. पहाटे निघाले. कारखान्याच्या मागच्या गेटापर्यंत सायकल ढकलत. तिथे बोअर आहे. चौकीदार सगळ्यांना भरू देत नाही, पण हा ओळखीचा, त्याच्या पोरीचे ब्लाउज शिवते. दोन डबे भरले. परत येताना तळ्याच्या चढावर एक सांडला, म्हणून पुन्हा गेले. घरी आणून दुहेरी फडक्यातून गाळलं. एक डबा बाळंतिणीला ठेवला, एक साहेबांसाठी. कुठेही तक्रारीचा सूर नाही; एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तसं सांगितलं.

इंजिनिअरचा दुसरा ग्लास अर्धा पिऊन झाला होता. तो त्यानं हळूच स्टुलावर ठेवला. मग म्हणाला, नळाचं पाणी एक ग्लास आणा, मी चाखून बघतो.

कुसुमताई जागच्या हलल्या नाहीत.

"वो मेहमान को नहीं देते साहब," त्या म्हणाल्या. "वो हम लोग पीते हैं."

तो उठला, स्वतः नळापर्यंत गेला, खाली ठेवलेल्या बादलीत वाकून बराच वेळ बघत राहिला. परत आला तेव्हा कागदावर त्यानं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पण गुरुवारी टँकर आला, आणि पावसाळा लागेपर्यंत एक दिवसाआड येत राहिला. नळाची लाइन बदलण्याचं काम मंजूर झालं आहे म्हणतात. मंजूर झालेली कामं मी वेगळ्या यादीत ठेवते; ती यादी लांब आहे.

आमच्या अहवालात तो पारा अजून समाधानी आहे. टँकर परत आल्यावर संचालकांनी नाइलाजानं शुद्धिपत्र काढलं, एक पान, ते कुठल्यातरी कप्प्यात असेल. माझी नोकरी गेली नाही. उलट या प्रकरणावर मी एक सादरीकरण करावं असं संचालकांना वाटतं, आणि मी त्या तारखांना रजा टाकते. पुस्तिकेत मात्र बदल केला. पाणी प्यावे, हे तसंच ठेवलं. कसं आहे, हा प्रश्न काढला. त्या जागी: हे कुठून आणले, कोणी आणले, किती वेळ लागला.

राहता राहिल्या बाकीच्या वस्त्या, जिथे जुन्या पुस्तिकेनं विचारून आम्ही लोकांना समाधानी करून ठेवलं. त्यांची नावं माझ्या डायरीत आहेत आणि बहुतेकांपुढे अजून खूण झालेली नाही. सुट्टीच्या दिवशी एकेका ठिकाणी जाते. बसते, दिलेलं पाणी पिते, आणि विचारते की हे कुठून आणलं. घरातली बाई लगेच उत्तर देत नाही. आधी माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघते, किती उरलंय ते, आणि मी पिऊन संपवेपर्यंत थांबते.